सीडॉ: दिल्लीनं सही केलेला आणि आपण न वाचलेला करार

पुण्या-मुंबईतल्या बहुतेक ऑफिसांत लिफ्टच्या शेजारी नाहीतर पाण्याच्या कूलरच्या वर एक फलक टांगलेला असतो. 'अंतर्गत समिती', त्याखाली चार-पाच नावं, फोन नंबर आणि लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल दोन ओळी. रोज शेकडो लोक त्याच्यासमोरून जातात, वाचत कुणीच नाही. मी अशा तीन समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. कंपनीच्या पगारावर नसलेली एक व्यक्ती समितीत हवीच, असं कायदा सांगतो, ती मी. तक्रार आली की चौकशीला बसायचं आणि एरवी वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांसमोर उभं राहून कायदा समजावून सांगायचा.

त्या सत्रात शेवटच्या रांगेतून एक प्रश्न ठरलेला असतो. विचारणारा माणूस बहुतेक वेळा सभ्यच असतो. "मॅडम, हे सगळं बाहेरच्या देशांनी आपल्यावर लादलंय ना?" पहिल्या वर्षी मी चिडून उत्तर दिलं होतं. आता म्हणते, बसा, फलक इथं कसा आला ते सांगते.

सुरुवात राजस्थानातल्या भटेरी गावापासून. भंवरीदेवी या तिथल्या कुंभार समाजातल्या बाई राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करायच्या. आपल्याकडच्या आशाताईंसारखंच, मानधन तुटपुंजं आणि कामाचा व्याप गावभर. १९९२ मध्ये बालविवाह थांबवा असा वरून आदेश आला. भंवरीदेवींनी गावातल्या वरचढ जातीच्या एका घरातलं तान्ह्या मुलीचं लग्न रोखायचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं.

हल्ला झाला तो भंवरीदेवी सरकारनं नेमून दिलेलं काम करत होत्या म्हणून. पण अशा वेळी काम देणाऱ्याची काही जबाबदारी आहे, असं सांगणारा एकही कायदा देशात नव्हता. फौजदारी कलमं होती, पण ती गुन्हा करणाऱ्यासाठी. ज्याच्या कामावर ही बाई जात होती त्याला कुणी काही विचारूच शकत नव्हतं. महिला संघटनांनी 'विशाखा' या नावानं सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली ती या मुद्द्यावर. नोकरी करणाऱ्या बाईला सुरक्षित जागी काम करण्याचा हक्क आहे की नाही?

तीन न्यायमूर्तींसमोर ती चालली: सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, बी. एन. किरपाल आणि सुजाता मनोहर, ज्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती होत्या. त्यांच्यापुढची अडचण सोपी नव्हती. कायदा करणं संसदेचं काम. कायदाच नसेल तर न्यायालयानं कशाच्या आधारावर बोलायचं? घटनेत समानता आहे, जगण्याचा हक्क आहे, पण ऑफिसात समिती नेमा असं घटना कुठं म्हणते?

इथं सीडॉ कामाला आला.

सीडॉ म्हणजे स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्यासाठी झालेला संयुक्त राष्ट्रांचा करार. नाव मालगाडीसारखं लांब आहे, म्हणून चळवळीतली माणसं इंग्रजी आद्याक्षरं जोडून नुसतं सीडॉ म्हणतात. १८ डिसेंबर १९७९ रोजी महासभेनं तो मंजूर केला आणि ३ सप्टेंबर १९८१ पासून तो लागू झाला. एकूण ३० कलमं. आज १८९ देश त्यात आहेत.

देश करारात कसा शिरतो हे समजून घ्यायला आपलं लग्न बरं पडतं. सही म्हणजे साखरपुडा. चारचौघांत सांगितलं की आमचा विचार आहे, पण संसार सुरू झालेला नाही. मग देश आपल्या पद्धतीनं त्याला पक्की मान्यता देतो, ते लग्न. तिथून पुढं तो बांधील. भारतानं साखरपुडा केला जुलै १९८० मध्ये आणि लग्न लावलं १९९३ मध्ये, तेरा वर्षांनी. अमेरिकेनंही जुलै १९८० मध्येच सही केली. तिथं मान्यतेला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात, ती आजवर मिळालेली नाहीत. ४५ वर्षं उलटली, साखरपुड्याची अंगठी अजून बोटात. इराण, सोमालिया, सुदान, टोंगा यांनी तर सहीही केलेली नाही, आणि करारात नसलेल्या देशांच्या यादीत अमेरिका त्यांच्या शेजारी बसते. एरवी जगाला मानवी हक्क शिकवणाऱ्या देशाला ही पंगत कशी चालते, ते त्यालाच ठाऊक. सॅन फ्रान्सिस्को शहराला मात्र ती चालली नाही. १९९८ मध्ये त्या शहरानं वॉशिंग्टनची वाट न बघता सीडॉची तत्त्वं स्वतःपुरता स्थानिक कायदा म्हणून लागू केली.

भारतात करार झाला म्हणजे आपोआप कायदा होत नाही. संसदेला वेगळा कायदा करावा लागतो. पण घटनेचं कलम ५१ म्हणतं की आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आणि करारातल्या बांधिलकीबद्दल आदर वाढवण्याचा प्रयत्न राज्यानं करावा. विशाखाच्या निकालात, १३ ऑगस्ट १९९७ रोजी, न्यायालयानं हा धागा पकडला. देशाचा कायदा जिथं गप्प आहे आणि करार मूलभूत हक्कांच्या विरोधात जात नाही, तिथं त्या हक्कांचा अर्थ लावताना करार वाचता येतो. सीडॉचं ११ वं कलम नोकरीतल्या समानतेबद्दल आहे. आणि करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं १९९२ मध्येच स्पष्ट केलं होतं की कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ हाही भेदभावच. ते वाचून न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: समिती नेमा, तिची प्रमुख बाई असू द्या, बाहेरचं एक माणूस घ्या. संसद कायदा करेपर्यंत हाच कायदा.

संसदेनं कायदा केला २०१३ मध्ये. सोळा वर्षं लागली. त्याच्या प्रास्ताविकात सीडॉचा उल्लेख आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला मी तो वाचून दाखवते.

म्हणजे लादलं की नाही? कराराचा कागद १९९३ पासून दिल्लीत पडून होता. त्यानं आपणहून काही केलं नाही. एका खेड्यातल्या बाईनं गप्प बसायला नकार दिला, काही संघटनांनी खटला लढवला, वकिलांनी तो कागद शोधून न्यायमूर्तींपुढं ठेवला, तेव्हा कुठं तो बोलला. आणि चळवळ काही करारातून जन्मलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये सीडॉ मंजूर होत होता त्याच सुमारास, विदर्भातल्या मथुरा या मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोन पोलिसांना सोडलं. देशभर संताप उसळला, मुंबईत बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलावा लागला. त्या मोर्च्यांत सीडॉचं नाव माहीत असलेल्या बायका किती असतील?

आता करारात काय आहे ते. तीसही कलमं सांगत बसत नाही. तीन गोष्टी समजल्या तरी पुरे.

पहिली, भेदभावाची व्याख्या. करार म्हणतो की भेदभाव हेतूनं होतो तसा परिणामानंही होतो. यातला 'परिणाम' हा शब्द सोन्याचा आहे. समजा, एखाद्या पीककर्जाच्या योजनेत अट आहे की अर्जदाराचं नाव सातबाऱ्यावर हवं. अटीत कुठंही बाई-पुरुष असा शब्द नाही. ज्यानं ती लिहिली त्याच्या मनात पाप नव्हतं. पण नांगरट सोडून पेरणीपासून खुरपणी-काढणीपर्यंत शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर क्वचितच असतं. नवऱ्यानं आत्महत्या केली की जमीन सासऱ्याची, नाहीतर दिराची. परिणाम असा की योजनेतून बाईच गळाली. सीडॉच्या लेखी हा भेदभाव आहे आणि तो काढायची जबाबदारी सरकारची. ग्रामीण स्त्रियांवर या करारात एक अख्खं कलम आहे, चौदावं. आपल्याकडं शेतकरी संघटनेनं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली, तेव्हा भारतानं अजून सीडॉला मान्यताही दिलेली नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, केंद्रानं तो २००५ मध्ये दिला. काही वेळा गाव दिल्लीच्या पुढं असतं ते असं.

दुसरी गोष्ट, तात्पुरते विशेष उपाय. "आम्ही सगळे समान, मग बायकांना वेगळ्या जागा कशाला?" हाही सत्रातला नेहमीचाच प्रश्न. चौथं कलम म्हणतं की प्रत्यक्षातली समानता लवकर यावी म्हणून काही काळ दिलेली जादा संधी भेदभावात मोजायची नाही. काम झालं की ती थांबवायची. महाराष्ट्रात पंचायतीत बायकांना आधी ३० टक्के, मग घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. सुरुवातीच्या वर्षांत 'सरपंचपती' नावाची जमात फोफावली, ती अजून पुरती गेलेली नाही. पण ग्रामसभेत बाईनं उभं राहून हिशेब विचारला की ज्या वयात आमच्या आयांना आश्चर्य वाटायचं, त्या वयाच्या आजच्या मुलींना त्यात काही विशेष वाटत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत धाडसी वाटते. मानवी हक्कांची जुनी कल्पना सरकारपासून माणसाला वाचवण्याची होती. कोठडीत मारू नका, वर्तमानपत्र बंद करू नका. या सगळ्या गोष्टी घराबाहेरच्या. बाईचा हक्क बहुधा घरात मारला जातो, आणि मारणारा सरकारचा माणूस नसतो. सीडॉनं उंबरठा ओलांडला. कोणतीही व्यक्ती, संस्था किंवा कंपनी भेदभाव करत असेल तर तो थांबवणं सरकारचं काम, असं दुसरं कलम सांगतं. पाचवं त्याहून पुढं जातं: बाईनं असंच वागावं, पुरुषानं तसंच, या समजुतीवर उभ्या असलेल्या चालीरीती बदलण्यासाठी सरकारनं पावलं उचलावीत. सोळावं लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा, मालमत्ता यांत नवरा-बायकोला सारखे हक्क देतं. गंमत म्हणजे एवढ्या मोठ्या करारात घरातल्या मारहाणीवर स्वतंत्र कलम नाही. १९७९ मध्ये ती 'नवरा-बायकोची भानगड' होती. ती उणीव समितीनं १९९२ च्या शिफारशीत भरून काढली.

परदेशी असण्याबद्दल अजून थोडं बोलायला हवं, कारण प्रश्न विचारणाऱ्याचा त्यात सगळाच दोष नाही. सीडॉच्या मागं १९४८ चा संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा आहे. त्याच्या मसुद्यातल्या पहिल्या कलमात वाक्य होतं, सगळे 'मेन' जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. मसुदा करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांना त्यात वावगं वाटत नव्हतं; 'मेन'मध्ये बायका आल्याच, असं त्यांचं म्हणणं. भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता. सुरतेच्या, पण त्यांचं सार्वजनिक आयुष्य बरंचसं मुंबईत गेलेलं, आणि घटना समितीतही त्या मुंबई प्रांतातून गेलेल्या. त्यांनी हट्ट धरला: काही देश हा शब्द शब्दशः घेतील आणि बायकांना वगळतील, तो बदला. आज तिथं सर्व मानव असा शब्द आहे.

मराठी माणसाला हा मुद्दा लगेच कळायला हवा. माझ्या आजीच्या घरी पंगत बसायची तेव्हा ती म्हणायची, "आधी माणसं जेवून घेऊ देत, मग बायका बसतील." माणसं म्हणजे पुरुष, हे सांगावंही लागत नसे. हंसाबेनना नेमकी तीच पंगत दिसली असणार.

त्याच जाहीरनाम्यात लिंगावरून भेदभाव नको हे पुन्हा पुन्हा लिहायला लावलं ते भारताच्याच लक्ष्मी मेनन यांनी, आणि वसाहतीतल्या लोकांना हे हक्क वेगळ्या मापानं द्यावेत या युक्तिवादाला त्यांनी कडाडून विरोध केला. लग्नात दोघांना समान हक्क, या कलमासाठी बालविवाहाचा मुद्दा घेऊन भांडल्या त्या पाकिस्तानच्या शाइस्ता इक्रामुल्ला. मतदानाला सौदी अरेबिया, दक्षिण आफ्रिका, सोव्हिएत रशिया आणि त्याच्या गोटातले देश मिळून आठ तटस्थ राहिले. हे हक्क पश्चिमेनं पूर्वेला शिकवले, ही कथा पश्चिमेला आवडते आणि आपल्याकडच्या सनातन्यांनाही आवडते. दोघांचीही सोय होते.

आता भारताच्या लग्नातल्या याद्या. देवाणघेवाण, मानपान, कोण काय करणार हे आपल्याकडं लग्नाआधी याद्यांत लिहून घेतात. करारातही देश तसं करू शकतो: बाकी सगळं मान्य, पण अमुक कलम आमच्या अटीवर. भारतानं १९९३ मध्ये तीन गोष्टी लिहून दिल्या.

पाचव्या आणि सोळाव्या कलमाबद्दल आपण म्हटलं की कुठल्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय ढवळाढवळ करायची नाही, या आमच्या धोरणाला धरून आम्ही ही कलमं पाळू. वाचायला किती शहाणपणाचं वाटतं. पण समाज म्हणजे कोण? कंजारभाट समाजातल्या काही तरुण-तरुणींनी २०१७-१८ मध्ये लग्नाच्या रात्री नवऱ्या मुलीची कौमार्य चाचणी घेण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. पिंपरीत एका लग्नात त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली. पुढाकार तर समाजातूनच आला होता की. पण तो वीस-पंचवीस वर्षांच्या मुलामुलींचा, आणि संमती देण्याचा अधिकार जातपंचायतीतल्या बाप्यांकडं. त्यातली कुठली बाजू 'समाज' धरायची हे भारताच्या निवेदनात लिहिलेलं नाही. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो पंचांचा हाच जाच बघून.

पुरोगामी मंडळींमध्येही इथं एकवाक्यता नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. हंसा मेहता, राजकुमारी अमृत कौर आणि मिनू मसानी घटना समितीत समान नागरी कायद्याच्या बाजूनं होते. तो नुसत्या मार्गदर्शक तत्त्वांत टाकला म्हणून त्यांनी नाराजी नोंदवली होती. पुढं ऐंशी-नव्वदच्या दशकांत हाच मुद्दा एका समाजाला डिवचायची काठी झाला, आणि अनेक महिला संघटना मागं सरल्या. त्यांचं म्हणणं असं की 'समान' कायदा झाला तरी तो कुणाच्या साच्यातला असणार? बायकांना मिळणारा वाटा मोजा, सगळ्या धर्मांच्या कायद्यांतला अन्याय एकेक करून काढा. मला स्वतःला हा दुसरा रस्ता पटतो, पण तो फार लांबचा आहे आणि त्यावर चालणाऱ्या बाईचं वय थांबत नाही, हेही दिसतं. गीता हरिहरन या लेखिकेला आपल्या मुलाच्या नावावर रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे होते. आई म्हणून केलेली सही चालेना, कारण हिंदू पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सीडॉचा आधार घेत 'नंतर'चा अर्थ 'तो मेल्यावर' एवढाच नाही असं ठरवलं. बाप लक्ष घालत नसेल तर तो जिवंत असतानाही आई पालक. एका शब्दाचा अर्थ बदलायला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

दुसरी यादी विवाह नोंदणीची. सक्तीची नोंदणी आम्हाला तत्त्वतः मान्य, पण भारतासारख्या अवाढव्य, नाना रूढी-धर्मांच्या आणि साक्षरता कमी असलेल्या देशात ती व्यवहार्य नाही, असं आपण जगाला कळवलं. गोंयकार हे वाचून हसत असतील. पोर्तुगीज अमलापासून गोव्यात लग्नाची नोंदणी सक्तीची आहे, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना. सोळा संस्कार होवोत न होवोत, नोंदणी कचेरीत जाऊन सही करावीच लागते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सगळ्या राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. यादीतली ओळ मात्र तशीच आहे.

तिसऱ्या यादीकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही. २९ वं कलम सांगतं की करार पाळला जात नाही यावरून दोन देशांत वाद झाला आणि बोलणी-लवाद यांतून सुटला नाही, तर कुठलाही एक देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊ शकतो. भारतानं हे नाकारलं. आणखीही बऱ्याच देशांनी नाकारलंय. अफगाणिस्ताननं नाकारलं नव्हतं.

त्या देशाची गोष्ट ऐकताना मान खाली जाते. २००१ मध्ये अमेरिकेनं तिथं बॉम्ब टाकले, आणि नोव्हेंबरात अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवर सांगितलं की ही लढाई स्त्रियांच्या हक्कांचीही आहे. जिनं स्वतः सीडॉला मान्यता दिली नाही त्या महासत्तेच्या छत्राखाली आलेल्या काबूलच्या सरकारनं २००३ मध्ये सीडॉ स्वीकारला, एकही यादी न घालता. २०२० मध्ये दोह्यात अमेरिकेनं तालिबानशी करार केला तेव्हा त्यात स्त्रियांच्या हक्कांचा उल्लेखही नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले. सहावीनंतर मुलींची शाळा बंद, मग विद्यापीठ बंद, बहुतेक नोकऱ्या बंद. बायकांच्या हक्कांचं निमित्त करून युद्ध करणाऱ्याला त्या बायकांची फिकीर असतेच असं नाही, हे डाव्या-पुरोगामी मंडळींनी तेव्हाच ओरडून सांगितलं होतं. पण त्यातल्या काहींनी मग तालिबानबद्दल बोलणंच सोडलं, जणू अमेरिकेला विरोध केला की काम संपलं. हेही मला पटत नाही.

२००३ ची ती बिनयादीची मान्यता मात्र अजून जिवंत आहे. सरकार बदललं तरी देश करारातून सुटत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी २९ व्या कलमाखाली अफगाणिस्तानविरुद्ध पावलं उचलत असल्याचं जाहीर केलं. आधी बोलणी, मग लवाद, मग हेग. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं, जे वेगळं आहे, तालिबानच्या सर्वोच्च नेत्याविरुद्ध आणि सरन्यायाधीशाविरुद्ध स्त्रियांच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढलं. त्यामुळं उद्या कंदाहारची शाळा उघडणार नाही. पण उद्या कुठल्या देशानं या राजवटीशी हात मिळवताना 'हा त्यांचा घरचा प्रश्न' म्हटलं, तर त्याच्यासमोर ठेवायला कागद असेल.

देशांनी देशांवर दावे लावणं हा तसा दुर्मीळ मार्ग. रोजचं काम चालतं ते जिनिव्हातल्या २३ तज्ज्ञांच्या समितीपुढं. प्रत्येक देशानं दर चार वर्षांनी तिला अहवाल द्यायचा. सरकारी अहवाल कसा असतो ते सांगायला नको. योजनांची नावं आणि हिरवे आलेख. म्हणून संघटना समांतर अहवाल पाठवतात, आणि समितीतली माणसं तो हातात धरून सरकारी शिष्टमंडळाला प्रश्न विचारतात. २०१४ मध्ये समितीनं भारताला सांगितलं की लग्नातला बलात्कारही गुन्हा धरा. १ जुलै २०२४ पासून आपला नवा फौजदारी कायदा आला, नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले, नवऱ्याला दिलेली सूट तशीच राहिली. समितीकडं पोलीस नाहीत. ती फक्त पुढच्या खेपेला पुन्हा विचारू शकते.

या कराराला एक पुरवणी आहे, १९९९ ची. ती मान्य केलेल्या देशातली बाई, देशातले सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर, थेट समितीकडं तक्रार करू शकते. ब्राझीलमधली अलिन दा सिल्वा पिमेंतेल ही २८ वर्षांची काळी, गरीब बाई २००२ मध्ये सहा महिन्यांची गरोदर असताना आजारी पडली. दवाखान्यानं औषध देऊन घरी पाठवलं. परत आली तेव्हा बाळ पोटात गेलेलं होतं. शस्त्रक्रियेला उशीर, दुसऱ्या दवाखान्यात न्यायला रुग्णवाहिका नाही, आणि तिथं पोहोचल्यावर व्हरांड्यात २१ तास पडून. ती वारली. मेळघाटातल्या, नंदुरबारच्या बातम्या वाचणाऱ्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. तिच्या आईनं २००७ मध्ये सीडॉ समितीकडं तक्रार केली. २०११ मध्ये समितीनं निकाल दिला की ब्राझील सरकार जबाबदार आहे, आणि दवाखाना खासगी होता म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. बाळंतपणातल्या मृत्यूबद्दल असा आंतरराष्ट्रीय निर्णय त्याआधी कधी झाला नव्हता. ब्राझीलनं तिच्या आईला भरपाई दिली.

भारतानं ही पुरवणी स्वीकारलेली नाही. मेळघाटातल्या धारणीच्या आईला हा रस्ता नाही.

गेल्या महिन्यात एका कंपनीत माझं सत्र संपलं. लोक समोसा घेऊन पांगले. खुर्च्या लावायला आलेल्या मावशी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी बाहेरून सगळं ऐकलं होतं. "बाई, आम्ही ठेक्यावरच्या. आम्हाला चालतं का हे?"

चालतं. कायद्यात ठेक्यावरच्या, रोजंदारीवरच्या, शिकाऊ, सगळ्या आल्या. ज्या जागी दहापेक्षा कमी माणसं काम करतात त्यांच्यासाठी, आणि घरकाम करणाऱ्या बायकांसाठी, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मी हे सांगत असताना त्या फलकाकडं बघत होत्या. तो इंग्रजीत होता. मी नावं वाचून दाखवायला लागले, तर त्या म्हणाल्या, "ह्यातल्या दुसऱ्या मॅडम गेल्या सोडून. दिवाळीच्या आधीच. आणि त्या शेवटच्या साहेबांची बदली झाली."

फलक बदलून मराठीतही लावा, असं मी त्या दिवशीच्या अहवालात लिहिलं. मावशींना एका चालू असलेल्या नावाचा नंबर समोशाच्या कागदावर लिहून दिला.